पट्टी पेढीची, कर सरकारचा: सांगलीतील एका बेदाणा पेढीने सॉफ्टवेअर कसे निवडले

ऑगस्ट 2023 च्या पहिल्या आठवड्यात सांगलीतील एका बेदाणा पेढीच्या धाकट्या मालकांचा मला फोन आला. वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांच्या वर असलेल्या व्यावसायिकांना 1 ऑगस्टपासून ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवून काढायचे बिल, बंधनकारक झाले होते आणि पेढीत चौदा वर्षे बिनबोभाट चाललेला प्रोग्राम ते काढू शकत नव्हता. प्रोग्राम लिहून देणारे गृहस्थ आता पुण्यात नोकरीला होते. त्यांनी अगदी सरळपणे सांगितले होते की, हे काम आता त्यांच्याकडून होणार नाही. मालकांचा प्रश्न एवढाच होता की, पुन्हा कोणाकडून तरी नवा प्रोग्राम लिहून घ्यावा, की बाजारात मिळते ते तयार सॉफ्टवेअर घेऊन मोकळे व्हावे.

या पेढीच्या हिशेबाचे काम माझ्याकडे असल्याने निवडीच्या प्रत्येक टप्प्यावर मी हजर होतो. पेढीची ओळख आणि खर्चाच्या रकमा न देण्याच्या अटीवर मालकांनी हे प्रकरण लिहिण्यास परवानगी दिली आहे. त्यामुळे आकडे येतील ते कामकाजाचे येतील, पैशांचे नाहीत.

पेढीचे काम

पेढीचे काम दोन ठिकाणी चालते. मार्केट यार्डात बेदाण्याचे सौदे होतात आणि कुपवाडला पेढीचे स्वतःचे शीतगृह आहे. तासगाव, कवठेमहांकाळ, जत आणि मिरज पूर्व भागातील शेतकरी फेब्रुवारी ते मे या काळात शेडवर बेदाणा तयार करतात, पंधरा किलोच्या खोक्यांत भरतात आणि शीतगृहात आणून ठेवतात. भाव मनासारखा मिळेपर्यंत माल तिथेच राहतो. एका शेतकऱ्याचा माल एक लॉट म्हणून आत येतो, पण बाहेर पडताना तो एक राहत नाही. रंगावरून आणि मण्याच्या आकारावरून त्याचे दोन-तीन भाग पडतात, ते वेगवेगळ्या सौद्यांत, वेगवेगळ्या खरेदीदारांना, वेगवेगळ्या भावाने जातात, आणि काही खोकी शेतकरी स्वतःच परत नेतो. या सगळ्याचा हिशेब शेवटी एका कागदावर उतरतो. त्या कागदाला पट्टी म्हणतात. विक्रीची रक्कम, त्यातून हमाली, तोलाई, शीतगृहाचे भाडे, दिलेल्या रिकाम्या खोक्यांची किंमत आणि आधी घेतलेली उचल वजा होऊन हातात काय पडते, हे शेतकरी त्या कागदावर पाहतो. पेढीचे नाव टिकते किंवा जाते ते पट्टीवर, हे मला इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते, कारण पुढची सगळी निवड त्याभोवती फिरली.

जुना प्रोग्राम 2009 मध्ये व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला होता. तो या धंद्याला अगदी अंगाबरोबर शिवलेल्या सदऱ्यासारखा बसला होता. लिहिणाऱ्याने आठ दिवस यार्डात उभे राहून सौदे पाहिले होते आणि दिवाणजींच्या शेजारी बसून पट्ट्या केल्या होत्या. 2017 मध्ये जीएसटी आल्यावर त्यांनीच तो बदलून दिला, 2018 मध्ये ई-वे बिलाची (मालाच्या वाहतुकीसाठी लागणाऱ्या परवाना-बिलाची) माहिती बाहेर काढण्याची सोयही करून दिली. पण ज्या साधनात तो लिहिला होता त्याला मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2015 पासूनच आधार देणे थांबवले होते, आणि मूळ सोर्स कोड, म्हणजे ज्यावरून प्रोग्राम तयार होतो तो लिहिलेला मजकूर, पेढीकडे कधीच नव्हता. पेढीकडे होता तो फक्त चालणारा प्रोग्राम.

ही उणीव ऑगस्ट 2019 च्या महापुरात एकदा उघडी पडली होती. तेव्हा पेढीची कचेरी गणपती पेठेत तळमजल्यावर होती. संगणक पाण्याखाली गेला, आणि ज्या पेन ड्राइव्हवर रोज संध्याकाळी बॅकअप घेतला जात असे तो त्याच टेबलाच्या खणात होता. प्रोग्राम आणि मे महिन्यापर्यंतची नोंद वाचली ती केवळ दुरुस्तीसाठी म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्या गृहस्थांनी त्यांच्या लॅपटॉपवर एक प्रत घेतली होती म्हणून. पुढच्या तीन महिन्यांची नोंद माडीवर ठेवलेल्या पट्ट्यांच्या कार्बन प्रतींवरून पुन्हा भरावी लागली, त्यात पेढीचा सबंध सप्टेंबर गेला.

पर्याय आणि त्यांची पारख

समोर चार पर्याय आले. पहिला, मिरजेतील एका तरुण प्रोग्रामरकडून सर्व काही नव्याने लिहून घेणे. दुसरा, टॅलीप्राइम हे तयार हिशेबी सॉफ्टवेअर घेऊन त्यात टीडीएल या त्याच्याच भाषेत आवश्यक ते फेरफार करून घेणे. तिसरा, ईआरपीनेक्स्ट, म्हणजे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर. थोरल्या मालकांचा अभियंता मुलगा त्याच्या बाजूने होता. चौथा, अडत दुकानांसाठी म्हणून विकले जाणारे एक तयार सॉफ्टवेअर. चौथा पर्याय पहिल्याच प्रात्यक्षिकात बाद झाला. ते भाजीपाल्याच्या अडतीसाठी बनवले होते, तिथे माल सकाळी येतो आणि दुपारपर्यंत विकला जातो. पाच महिने शीतगृहात राहणारा लॉट त्याला कळतच नव्हता.

तिसऱ्या पर्यायावर आम्ही बराच वेळ दिला आणि तो देणे योग्यच होते. त्याचा परवाना खुला आहे, कोड पाहता येतो, बदलता येतो, आणि दरवर्षी परवान्याची रक्कम द्यावी लागत नाही. मात्र परवाना फुकट असला तरी सर्व्हर, बसवणी आणि देखभाल यांचा खर्च असतोच, आणि चार जणांच्या कचेरीत ते सांभाळणारा माणूस कोण, हा प्रश्न सुटेना. कुपवाड एमआयडीसीतील एखाद्या कारखान्याने, जिथे कच्चा माल, जॉबवर्क आणि तयार माल यांची साखळी आहे, मला विचारले असते तर मी हाच पर्याय आधी सुचवला असता. पेढीसाठी मात्र ते ओझे झाले असते.

उरले पहिले दोन. इथे मालक बंधूंत मतभेद होता. थोरले म्हणत, आपला धंदा वेगळा आहे, तयार कपडा आपल्याला बसणार नाही. धाकटे म्हणत, सरकार दर वर्षाला काहीतरी बदलते, त्यामागे एकटा प्रोग्रामर किती धावणार. माझ्या मते दोघेही बरोबर होते, पण दोघे दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत होते आणि चर्चेत ती कामे एकच धरली जात होती.

म्हणून प्रात्यक्षिके थांबवून आम्ही एक यादी केली. जुना प्रोग्राम काय काय करतो आणि पेढीत कोणत्या गोष्टी "आपल्या पद्धतीने" होतात, अशा 31 बाबी दिवाणजींनी सांगितल्या आणि मी लिहून घेतल्या. दिवाणजी तिथे तीस वर्षे आहेत, मालकांसकट सगळे त्यांना काका म्हणतात. प्रत्येक बाबीपुढे एकच प्रश्न लिहिला: ही पद्धत सोडली तर कोणाला त्रास होईल? शेतकऱ्याला, खरेदीदाराला, सरकारला, की फक्त आपल्याला?

उत्तरे पाहून आम्ही सगळेच चकित झालो. पट्टीच्या तीन रंगांच्या प्रती, खतावणीचा जुना पान क्रमांक, रोजमेळाची ठरावीक मांडणी, हमालीचे दोन वेगळे रकाने, अशा बऱ्याच बाबी सोडल्याने फक्त सवय मोडणार होती. हमालीचे दोन रकाने तर 2009 पूर्वीच्या छापील फॉर्मवर जागा होती म्हणून आले होते आणि प्रोग्रामने ते तसेच उचलले होते. बारा बाबी सरळ सरकारशी निगडित होत्या: कराचे दर, एचएसएन क्रमांक (करासाठी मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक), ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, खरेदीदाराने कापलेल्या टीडीएसचा मेळ आणि तत्सम. शेतकऱ्याशी थेट संबंध असलेल्या, सोडता येणारच नाहीत अशा बाबी फक्त सहा निघाल्या.

त्या सहांपैकी शीतगृहाच्या भाड्याचे उदाहरण सविस्तर देतो. एका शेतकऱ्याची 186 खोकी 18 फेब्रुवारीला आत आली. त्यापैकी 120 खोकी 6 मे रोजी सौद्यात विकली गेली आणि उरलेली 66 त्याने 27 जूनला परत नेली. पेढीत महिना तारखेपासून तारखेपर्यंत मोजतात, म्हणजे 18 फेब्रुवारी ते 17 मार्च हा पहिला महिना. त्या हिशेबाने 120 खोक्यांचे तीन महिने आणि 66 खोक्यांचे पाच महिने होतात, एकूण 690 खोकी-महिने. प्रात्यक्षिकात जी मांडणी दाखवली गेली तिने फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे असे कॅलेंडरचे महिने मोजले आणि 120 खोक्यांना चार महिन्यांचे भाडे लावले. एकूण झाले 810. एका लॉटवर 120 खोक्यांचे एक महिन्याचे भाडे शेतकऱ्याच्या माथी जादा पडत होते. समोरच्या माणसाने सांगितले, "काका, सॉफ्टवेअर असंच मोजतं, तुम्ही शेतकऱ्याला समजावून सांगा." काकांनी आवाज न चढवता उत्तर दिले, "शेतकरी बोटावर मोजून येतो. पट्टी त्याच्या बोटांशी जुळली पाहिजे, सॉफ्टवेअरशी नाही."

निवडीचा निकष आम्हाला त्या वाक्यात मिळाला. धंद्याने समोरच्या माणसाला दिलेला शब्द ज्या पद्धतीत आहे ती पद्धत सॉफ्टवेअरसाठी बदलायची नाही, आणि जी केवळ सवय आहे ती बदलायला काही हरकत नाही.

याच यादीने उलट्या बाजूचाही एक गैरसमज दूर केला. थोरल्या मालकांचा मुख्य आक्षेप असा होता की, शीतगृहातील माल आपला नाही, तो शेतकऱ्याचा आहे, आणि तयार हिशेबी सॉफ्टवेअर गोदामातील सगळा माल आपलाच धरून ताळेबंदात दाखवणार. आक्षेप रास्त होता. पण टॅलीत गोदाम तयार करतानाच दुसऱ्याचा माल आपल्याकडे आहे की आपला माल दुसऱ्याकडे आहे, हे सांगण्याची सोय असते. प्रात्यक्षिकाला आलेल्या माणसाने ती दाखवलीच नव्हती, कदाचित त्यालाही ठाऊक नसावी. तयार सॉफ्टवेअरमध्ये अमुक होत नाही असे म्हणण्यापूर्वी त्याच धंद्यातील एखाद्या माणसाने ते आठवडाभर स्वतः वापरून पाहावे, असे मी तेव्हापासून सर्वांना सांगतो.

सरकारशी निगडित बाबींचा विचार करताना मी मालकांसमोर गेल्या काही वर्षांतील बदल मांडले. ई-इनव्हॉइसची मर्यादा ऑक्टोबर 2020 मध्ये 500 कोटींवर सुरू झाली, ती 100, 50, 20, 10 अशी उतरत 5 कोटींवर आली. मालाच्या विक्रीवरील टीसीएस (विक्रेत्याने खरेदीदाराकडून गोळा करायचा कर) ऑक्टोबर 2020 मध्ये मोठ्या विक्रेत्यांना लागू झाला, जुलै 2021 मध्ये खरेदीदाराने कापायचा टीडीएस आला. 1 एप्रिल 2021 पासून पाच कोटींवरील उलाढालीस सहा अंकी एचएसएन बंधनकारक झाला. शिवाय अडत्या स्वतःच्या नावाने बिल काढतो की नाही, यावर त्याचे कराच्या दृष्टीने स्थान ठरते, हे सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकाने स्पष्ट केले आहे. या पेढीची बिले तिच्याच नावाने निघतात. हा सगळा भार एका प्रोग्रामरवर टाकणे म्हणजे त्याच्यावरही अन्याय आहे. तयार सॉफ्टवेअरची कंपनी तोच बदल लाखो ग्राहकांसाठी एकदा करते आणि त्याचा खर्च सर्वांत विभागला जातो. त्याची नियमित वर्गणी मात्र भरत राहावी लागते. ती थांबवली तर सॉफ्टवेअर चालते, पण नवे बदल येत नाहीत, आणि हा खर्च पाच वर्षांच्या हिशेबात धरला नाही तर तुलना खोटी होते.

माणसांचा मुद्दाही होता. सांगलीत टॅली येणारा वाणिज्य पदवीधर सहज मिळतो, आणि कामावरचा एक गेला तर दुसरा आठ दिवसांत कामाला लागतो. जुन्या प्रोग्रामवर नवा माणूस तयार व्हायला सहा महिने लागत असत, कारण तो काकांशिवाय कोणाकडूनच शिकता येत नव्हता.

निर्णय आणि करार

जानेवारी 2024 मध्ये निर्णय झाला. बिले, कर, खतावणी आणि बँक हे सर्व टॅलीत राहील. लॉट, सौदा, शीतगृहाचे भाडे आणि पट्टी यांचा एक छोटा प्रोग्राम मिरजेच्या त्या तरुणाकडून लिहून घेतला जाईल. पट्टी पक्की झाली की तिची रक्कम टॅलीत जाईल, आणि टॅलीतून लॉटच्या प्रोग्राममध्ये काहीही परत येणार नाही. टीडीएलमधूनच सर्व काही करून घ्यावे असेही एक मत होते, पण एका लॉटचे पुढे पडणारे भाग आणि प्रत्येक भागाचे वेगळे महिने सांभाळणे तिथे फार किचकट होऊ लागले, म्हणून ते सोडले.

करारावर मी सर्वांत जास्त आग्रह धरला. आपल्याकडे सर्वसाधारण समज असा आहे की, पैसे देऊन प्रोग्राम लिहून घेतला म्हणजे तो आपला झाला. कायदा तसे म्हणत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार संगणकीय प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते आणि तिचा पहिला मालक तिचा लेखक असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर मालकी मालकाची असते, पण बाहेरच्या स्वतंत्र व्यावसायिकाने लिहिले तर हक्क लेखी हस्तांतरित करून घ्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाच वर्षांपुरतेच धरले जाते, हे कलम 19 मध्ये स्पष्ट आहे. पेढीच्या करारात मुदत पूर्ण कालावधीची लिहिली, सोर्स कोडची प्रत प्रत्येक हप्त्याबरोबर देण्याची अट घातली, आणि तो तरुण तीच कल्पना दुसऱ्या पेढ्यांना विकू शकेल अशी मुभाही दिली. ही मुभा दिल्याने त्याने दर कमी केला. शिवाय त्याच्याकडे आणखी ग्राहक आले तर तो या कामात टिकून राहील, हाही पेढीचाच फायदा होता.

बदल कधी करावा

हिशेबाचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होते, म्हणून सर्व काही त्या दिवशी बदलावे, असा पहिला विचार होता. काकांनी तो लगेच खोडून काढला. एप्रिलमध्ये शीतगृहाच्या दारात ट्रॅक्टरांची रांग असते, तेव्हा नवा प्रोग्राम शिकायला कोणाला उसंत आहे? त्यांनी दिवाळी सुचवली. दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे काही आठवडे बंद राहतात आणि त्या काळात सर्वांची येणी-देणी चुकती केली जातात, ज्याला बाजारात झिरो पेमेंट म्हणतात. तेव्हा खरेदीदारांची बाकी जवळपास शून्य असते आणि शीतगृहातील मालही कमी झालेला असतो, त्यामुळे नव्या प्रोग्राममध्ये उचलून न्यायच्या नोंदी वर्षात सर्वांत कमी असतात. कोणत्याही सल्लागाराला हे सुचले नसते, मलाही सुचले नव्हते. त्यानुसार 1 एप्रिल 2024 पासून टॅली सुरू झाली, हंगामभर पट्ट्या जुन्याच प्रोग्राममध्ये होत राहिल्या आणि रोजची एकत्रित रक्कम टॅलीत नोंदवली गेली. लॉटचा नवा प्रोग्राम दिवाळीत सुरू झाला.

स्थलांतरात सर्वाधिक त्रास शेतकऱ्यांच्या नावांनी दिला. जुन्या प्रोग्राममध्ये मराठी नावे युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये साठवलेली होती, म्हणजे पडद्यावर मराठी दिसे पण आत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच होती. रूपांतर करणाऱ्या साधनाने बहुतेक नावे बरोबर उतरवली, पण रफार, जोडाक्षरे आणि "ऱ्या" यांत ते अडखळत होते. शेवटी पूर्ण यादी छापून काकांनी दोन आठवडे रोज दुपारी बसून एकेक नाव तपासले. हे काम यंत्रावर सोडून चालले नसते, कारण स्वतःचे नाव चुकलेली पट्टी पाहून शेतकऱ्याला रकमेवरही शंका येते.

त्यानंतरचे बदल या मांडणीची परीक्षा पाहणारे ठरले. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत शेतकऱ्याने पुरवलेल्या बेदाण्यावर कर लागत नाही, हे स्पष्ट झाले. पेढीच्या नोंदी आधीपासूनच तशा होत्या, त्यामुळे काही करावे लागले नाही. 1 एप्रिल 2025 पासून टीसीएसची ती तरतूद संपली, खरेदीदारांच्या बाजूने येणारी एक कटकट गेली. 22 सप्टेंबर 2025 रोजी कराचे दर बदलले, तेव्हा मात्र एक उणीव सापडली. बेदाण्याचा दर 5 टक्केच राहिला, पण पुठ्ठ्याच्या खोक्यांचा दर 12 वरून 5 टक्के झाला. टॅलीत तो एका ठिकाणी बदलला आणि बिले बरोबर निघू लागली. पण शेतकऱ्याला दिलेल्या रिकाम्या खोक्यांची रक्कम पट्टीत वजा होते, आणि प्रोग्रामरने पट्टीच्या छपाईत 12 हा आकडा थेट लिहून ठेवला होता. तीन पट्ट्या चुकीच्या गेल्या. चौथी काकांच्या हातात आली तेव्हा त्यांनी ती थांबवली. तिन्ही शेतकऱ्यांना फोन करून फरकाची रक्कम त्याच आठवड्यात पोहोचवली. दोष माझाही होता, कारण लॉटच्या प्रोग्राममध्ये कराचा कोणताही दर लिहिलेला नसावा ही अट मी करारात घातली होती, पण काम ताब्यात घेताना ती तपासली नव्हती. आता प्रत्येक दर टॅलीतून बाहेर काढलेल्या यादीवरून वाचला जातो. ती यादी रोज सकाळी प्रोग्रामला द्यावी लागते. टॅलीतून काहीही परत येणार नाही, या मूळ नियमाला दिलेली ही एकमेव सवलत आहे.

त्यानंतरच्या झिरो पेमेंटच्या काळात आम्ही आणखी एक गोष्ट केली. पेढीकडे असलेली सोर्स कोडची प्रत कोल्हापूरच्या एका दुसऱ्या प्रोग्रामरकडे दिली आणि तिच्यावरून प्रोग्राम नव्याने तयार करून चालतो का, हे पाहायला सांगितले. पहिल्या दिवशी तो चालला नाही, पट्टीच्या छपाईची एक फाइल प्रतीत आलीच नव्हती. मिरजेच्या तरुणाने ती त्याच संध्याकाळी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी त्या 186 खोक्यांच्या जुन्या लॉटची पट्टी कोल्हापूरच्या संगणकावर निघाली. भाडे 690 खोकी-महिन्यांचे लागले. ती पूर्ण प्रत आता बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि तिची दुसरी प्रत थोरल्या मालकांच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर.